सोराबजींनी घासाघीस केली नाही

माझ्या धाकट्या भावाला मी फसवलं. मुंबईच्या साहेबाने नाही. मी, सुकलाल दलालाने, धुळ्याच्या माझ्या दुकानात, माझ्याच गादीवर बसून, दिवसाढवळ्या.

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगत आलो ते याच्या उलट. "मुंबईवाल्यांनी खानदेशच्या पोराचा गळा कापला" — माझं हे पालुपद कापूस बाजारातल्या हमालांनाही पाठ आहे. चहा पिताना मी ते म्हणायचो. सौदा फिसकटला की म्हणायचो. त्या साहेबाने इथे येऊन जाब द्यावा, असं म्हणून गादीवर मूठ आपटायचो. ऐकणारे मान हलवायचे. या माणसाचा भावावर केवढा जीव आहे, असंही कुणाला वाटलं असेल. जीव होताच. नव्हता असं कोण म्हणतं? पण त्या जिवाने काय केलं, ते मात्र मी कधी उघडं केलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग आता सरळ सांगून टाक. सरळ सांगायची मला सवय नाही, हीच तर अडचण आहे.

माझा धंदा कापडाखालचा. कापसाची गाडी बाजारात आली की घेणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला जातो आणि त्या रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. कुठलं बोट धरलं, किती बोटं दाबली, हे त्या दोघांनाच ठाऊक. भोवती वीस माणसं उभी असतात, त्यांना दिसतात नुसते चेहरे. आम्ही याला हत्ता म्हणतो. या धंद्यात चेहरा एक बोलतो आणि हात दुसरं बोलतो. मी त्यात पटाईत झालो. कापूस निवडणाऱ्या बायांमध्ये बसून सरकी वेचणारा पोरगा पुढे धुळ्यात स्वतःच्या गादीवर बसला, तो या हाताच्या जोरावर. कुणी मला काही दिलं नाही. जे मिळालं ते मी ओढून घेतलं. माझा राग लोकांना दिसतो — तो तेव्हापासूनचा आहे.

आणि माझी एक खास युक्ती होती. तीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इतर दलाल मालाची तारीफ करतात. मी करत नसे. आपल्या मालातली एखादी खोट मी आपणहून सांगायचो. "पाला जरा जास्त आहे हो, तुमच्या कामाचा नाही." घेणारा चमकतो. हा प्रामाणिक दिसतोय, असं त्याला वाटतं. मग तोच म्हणू लागतो — पाला काय, निघेल. धागा लांब आहे ना, मग झालं. म्हणजे तारीफ तो करतो, मी नुसता ऐकतो. आणि ज्याने स्वतःच्या तोंडाने तारीफ केली, तो भाव पाडून मागू शकत नाही. फार तर तो रागाने उठतो, पायरीपर्यंत जातो. पण पायरीवरून वळतो. माझ्या दुकानाच्या पायरीवरून न वळलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

आता मुरलीधरबद्दल.

मानमोडीच्या साथीत आई आणि बाप दोघंही आठवड्याच्या आत गेले. मुरली तेव्हा रांगत होता. मी मिसरूड फुटलेला पोरगा. गावात कुणी कुणाला हात लावायला तयार नव्हतं. त्याला फडक्यात बांधून मी अमळनेरला आलो आणि तिथल्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागलो. दिवसभर तो कापसाच्या ढिगावर झोपायचा. उचलून घेतला की त्याच्या केसांत, भुवयांत, नाकाच्या शेंड्यावर कापूस चिकटलेला असे. बाया हसायच्या, म्हणायच्या, या पोराला म्हातारपण आधी आलं. पुढे धुळ्याला आलो, लग्न केलं, बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न मी केलं नाही. घरात आम्ही दोघंच. तो शाळेतून यायचा, मी बाजारातून यायचो, एका ताटात जेवायचो. तो मोठा झाल्यावरही एकाच ताटात. हे मी कशाला सांगतोय? सबब म्हणून नाही. त्या ताटात दुसरा हात नसला की काय होतं, ते मला आधीच कळलं होतं — एवढंच सांगायचं आहे.

मुरलीचं गणित चांगलं होतं. मॅट्रिकच्या वर्षाला होता. मी ठरवलं होतं, याला वकील करायचा. धुळ्यातच वकिली, धुळ्यातच घर. बोलायला तो माझ्याइतका तिखट नव्हता, पण ते मी शिकवलं असतं.

त्या थंडीत मी त्याला सोनगीरला घेऊन गेलो. इच्छाराम नाना म्हणून माझे जुने शेतकरी, किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची जमीन. त्यांच्या घरचा कापूस बघायचा होता. म्हणजे बघा, मीच नेलं त्याला. आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि आग्रा रोडच्या वरून एक विमान आलं. विमानं त्या वेळी क्वचित जायची, सडक धरून जायची. हे मात्र खोकत होतं. दोनदा घिरट्या घालून ते नानांच्या ज्वारी काढलेल्या शेतात उतरलं, बांधाला धडकता धडकता राहिलं. सगळा गाव मागे पळाला. मीही पळालो, खोटं का सांगू? मुरली एकटा पुढे पळाला.

आतून उतरले ते सोराबजी. पारशी माणूस, तोंड तेलाने काळं, उतरल्याबरोबर त्यांनी पाणी मागितलं. मुंबईजवळ जुहूला विमान शिकवणारा एक क्लब होता, तिथले ते शिक्षक. इंजिनाचा काहीतरी भाग मुंबईहून यायला दोन-तीन दिवस लागणार होते. इच्छाराम नाना विमानाभोवती फिरून आले, पंखावर थाप मारली आणि साहेबांना गंभीरपणे विचारलं, "याले चारा काय लागस?"

सोराबजी हसले. त्यांनीही तितक्याच गंभीरपणे सांगितलं, की खातं फार, पण दूध देत नाही.

मी धुळ्याला परत आलो. मुरली आला नाही. इंजिन दुरुस्त होईपर्यंत तो तिथेच राहिला — हत्यारं दे, दिवा धर, तेल पूस. त्याला नेण्यासाठी मी पुन्हा गेलो, तेव्हा सोराबजी मला म्हणाले, पोराचा हात शांत आहे. घाई करत नाही, घाबरत नाही. विमानाला असाच हात लागतो. मला त्या वेळी उगाच राग आला. मुरलीचा हात कसा आहे, हे मला दुसऱ्याने का सांगावं?

घरी आल्यावर त्याने गादीवर सरकीचे दाणे मांडले. कापूस दलालाच्या घरात सरकी कुठेही सापडते. पहिला दाणा ठेवला — हा मॅट्रिक, गणित आणि विज्ञान घेऊन. इथून दोन वाटा फुटतात, म्हणाला. एक पुण्याला जाऊन इंटर सायन्स, आणि मग क्लब. दुसरी थेट जुहूला. तिथे कारखान्यात इंजिनाचं काम शिकत शिकत उडायला शिकायचं. आधी ए लायसन — ते स्वतःच्या हौसेपुरतं. मग एकट्याने पुष्कळ तास उडायचं, वाऱ्याचा आणि नकाशाचा अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची, की बी लायसन. ते मिळालं की टपाल आणि उतारू नेणाऱ्या विमानांवर नोकरी. शेवटचा दाणा त्याने गादीच्या अगदी कडेला ठेवला. सोराबजींचं म्हणणं होतं, दुसरी वाट धर. मुंबईबाहेरच्या एक-दोन पोरांसाठी कुणा दानशूर माणसाने शिकवणीची सोय करून ठेवली होती. मॅट्रिक झाल्यावर ते स्वतः धुळ्याला येऊन मला भेटणार होते. घरच्या वडील माणसाची संमती लागते आणि तब्येत निकोप लागते, असं त्यांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "आणि वकिलीचा दाणा कोठे शे?"

मुरली हसला. कडेचा दाणा बोटाने सारखा केला.

तो पास झाला. सोराबजी आले. बोलल्याप्रमाणे आले, हे लक्षात ठेवा. इतकी वर्षं मी ज्याला लबाड म्हणत आलो, तो माणूस दिलेल्या शब्दाप्रमाणे चाळीसगावला गाडी बदलून, उन्हाळ्याच्या दिवसांत माझ्या दारात आला.

मुरलीला मी त्या दिवशी कामाच्या निमित्ताने अमळनेरला पाठवलं होतं. ज्याच्या डोळ्यांत हाव दिसते त्याला सौद्याजवळ बसू देऊ नये, हा बाजाराचा नियम. मीही स्वतःला हेच सांगितलं. साहेबाने पोराचे डोळे पाहिले की आपलं काही चालणार नाही, म्हणून त्याला लांब ठेवतोय. असं सांगितलं खरं.

सोराबजी गादीवर नीट मांडी घालता येईना म्हणून पाय मोकळे सोडून बसले. त्यांनी सगळं उघड सांगितलं. शिकवणीचा भार क्लबकडे, राहण्याजेवण्याचं तुम्ही बघा. बी लायसन मिळालं म्हणजे नोकरी मिळेलच, असं मी सांगणार नाही. काही पोरं नापास होतात. विमानं पडतातही. पण हा पोरगा मला चांगला वाटतो.

तुम्ही या धंद्यात असता तर तुम्हाला कळलं असतं, मला काय झालं. समोरच्याने सगळी बोटं एकदम उघडी टाकली होती. रुमालच नाही. असा सौदा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, याच्या मागे काहीतरी आहे. याला पोरगा हवाच आहे, मग राहणंजेवणंही याच्याकडून का घेऊ नये? नोकरीचा शब्द का काढून घेऊ नये? मी माझी युक्ती काढली. मालातली खोट.

मी म्हणालो, "सगळं ठीक आहे साहेब. पण लहानपणी त्याला फेफरं यायचं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील — लहानपणी ना? मग काय झालं? डॉक्टर तपासतील, आम्ही बघू, पोरगा द्या तुम्ही. मी आढेवेढे घेईन, ते आग्रह करतील. मी तयारीत बसलो होतो.

सोराबजींनी चहाचा कप ओठांपासून खाली आणला. मग हळूच त्यांनी विचारलं, कधीपर्यंत यायचं?

इथे तरी थांबायचं. नाही? इथे हसून म्हणता आलं असतं, अहो गंमत केली. मी थांबलो नाही. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत, म्हणालो. एकदा विहिरीच्या काठावर आलं, मी होतो म्हणून वाचला. विहीरसुद्धा घातली मी. खोटं बोलताना मी नेहमी एखादी जागा घालतो, त्याने खोटं घट्ट बसतं.

सोराबजींनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. ते उठले, मला हात जोडले — मला — आणि त्यांच्या त्या मराठीत म्हणाले, "तुमी सांगितला ते बरा झाला, शेठ. दुसरा कोणी सांगितला नसता. वर गेल्यावर असा झाला असता तर पोरगा जीवानिशी गेला असता, नि आणखी चार माणसं पण."

आणि ते निघाले. मी गादीवर बसून पायरीकडे बघत राहिलो. माणूस पायरीवरून वळतो. वळतोच. सोराबजी पायरी उतरले, टोपी घातली आणि गेले. त्यांनी घासाघीस केली नाही. जिथे जीव जातो तिथे घासाघीस करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. मला ते शिकायला वेळच मिळाला नव्हता, असं मी पुढे कितीदा स्वतःशी म्हटलं. आणि त्यांचाच राग केला. का विचारलं नाही दुसऱ्यांदा? का नाही म्हणाले, खरं सांगताय का शेठ? एक शब्द खर्च केला असता तर काय बिघडलं असतं?

पण थांबा. इथेही मी रुमाल टाकतोच आहे. युक्ती फसली, सवयीने घात केला — हे ऐकायला बरं वाटतं. तुम्हीही कदाचित मनात म्हणाल, बिचारा, धंद्याची सवय. तसं म्हणू नका.

त्यांची गाडी दुपारनंतर सुटणार होती. माझ्या दुकानापासून स्टेशन पायी जाण्यासारखं. मी जोडा घातला होता. खरंच घातला होता. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे ओळखीचा एक गाडीवान कापूस घेऊन आलेला दिसला, आणि मी काय केलं असेन? मी त्याच्याशी भाव करत बसलो. हंगाम संपलेला, कापूस उरलासुरला, पावसाने डागाळलेला. असला माल मी एरवी बघितलाही नसता. त्याच्या हातावर मी रुमाल टाकला आणि बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कारण मी काहीच भाव सांगत नव्हतो. गाडीची शिटी ऐकू आली, तेव्हा माझी बोटं त्याच्या मुठीत होती.

शिटी ऐकून मला वाईट वाटलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला हलकं वाटलं. मुरली जाणार नाही. संध्याकाळी ताटात दुसरा हात असेल.

फेफऱ्याचं बोललो तेव्हाच मला हे ठाऊक होतं का? होतं. विहीर घातली तेव्हा तर नक्कीच होतं. चेहरा भाव वाढवत होता आणि हात सौदा मोडत होता. मीच तो दलाल आणि मीच तो धनी, आणि ज्याचा सौदा चालला होता तो अमळनेरला माझी कामं करत होता.

संध्याकाळी तो आला. धुळीने माखलेला, धावत आला असावा. पायरीवरूनच सगळं विचारू लागला, "भाऊ, साहेब काय म्हणना? बठ्ठं सांग."

मी त्याला बसवलं. सांगितलं, "तुले नको म्हणना. खेडाना पोऱ्या चालत नही, म्हणना. तठे साहेबलोकसनाच पोऱ्या लागतस."

मुरली माझ्याकडे बघत राहिला. माझ्यावर अविश्वास म्हणून नाही. सोराबजी असं म्हणतील हे त्याला पटेना. तो म्हणाला, पण त्यांनीच तर मला सांगितलं होतं. मी मुंबईला जातो आणि त्यांच्या तोंडून ऐकतो.

तेव्हा मी ओरडलो. माझ्या ओरडण्याला सगळा बाजार भितो. ज्याने आपल्या उंबऱ्यात येऊन आपल्याला गावंढळ म्हटलं, त्याच्या दारात भीक मागायला जाशील? मग मला मेलेला समज आणि जा. असं बरंच काही. तो गेला नाही. ज्या माणसाने त्याला फडक्यात बांधून आणलं, त्या माणसाचा शब्द तो मोडणार नव्हता. हे मला माहीत होतं म्हणूनच मी ओरडलो. हाही सौदाच.

अमळनेरला जाण्याआधी सकाळी त्याने गादीवर पुन्हा मांडलेले सरकीचे दाणे अजून तसेच होते. त्याने ते गोळा केले आणि बाहेर जाऊन शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात टाकले.

वकील तो झाला नाही. पुण्याला गेला, इंटरपर्यंत शिकला, आणि बोदवडला शाळेत गणिताचा मास्तर झाला. धुळ्यात जागा असताना बोदवडला. रेल्वे स्टेशनाजवळ खोली घेऊन राहतो, लग्न केलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, येतो तेवढाच. ज्याला धरून ठेवायला मी हे केलं तो माझ्या हातात राहिला नाही, आणि ज्या ताटासाठी केलं त्या ताटात मी एकटा जेवतो. मला त्याचाही राग यायचा. एवढं केलं याच्यासाठी आणि हा निघून गेला — असं मी खरोखर मनात म्हणायचो. माणूस स्वतःला कुठवर फसवतो, बघा.

लढाईच्या काळात विमानं पुष्कळ जायची. सगळे रस्त्यावर येऊन वर बघायचे. एका आखाजीला तो ओट्यावर बसला होता, आवाज आला, आणि तो उठून आत गेला. पाणी प्यायला गेला असेल असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या वर्षीही आवाज आला आणि तो आत गेला. एकदा मी म्हटलं, आता विमानदलात आपल्या पोरांना घेतात म्हणे, बघ ना. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तठेबी साहेबच बसेल शेत." माझं वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. मी दिलेलं काहीच तो टाकत नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. आमच्या दोघांतच मिटलं असतं. पण गेल्या आखाजीला इच्छाराम नाना आले.

आता ते पार म्हातारे झालेत. काठी टेकत पायरी चढले, आखाजीच्या झोक्यावर गाणाऱ्या शेजारच्या पोरींना वाट द्यायला म्हणाले, आणि मुरलीजवळ येऊन बसले. त्यांचा नातू यंदा मॅट्रिकला. त्यांच्या शेतात विमान उतरलं त्याची गोष्ट ऐकत वाढलेला. त्याने हट्ट धरलाय. लढाई संपली, नव्या विमान कंपन्या निघाल्या, आता आपलं राज्य येतंय, असं सगळं तो आजोबांना सांगतो. नाना म्हणाले, "मना नातूले इमान चालाडनं शे, मास्तर. त्याले काय शिकाडू?"

समोर ताटलीत शेंगदाणे होते. मुरलीने एक उचलून सतरंजीवर ठेवला. हा मॅट्रिक. मग दुसरा, मग तिसरा. इंटर सायन्स, क्लब, ए लायसन, एकट्याने उडायचे तास, वारा, नकाशा, परीक्षा, बी लायसन. एवढ्या वर्षांत एक पायरी विसरला नव्हता. उलट नवीन काय काय झालंय तेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे तो वाचत होता, चौकशी करत होता. बोदवडच्या त्या खोलीत एकट्याने. बोलताना त्याचा आवाज मला कधी ऐकलासा वाटेना, आणि मग ओळखू आला. गादीवर सरकी मांडणाऱ्या पोराचा आवाज होता तो.

नाना खूश झाले. मुरलीने शेवटचा दाणा उचलला आणि तोंडात टाकला. म्हणाला, "पण नाना, त्याला या वाटेला लावू नका. आपल्याला घेत नाहीत. तोंडावर गोड बोलतात आणि मागून नको म्हणतात. मी बघितलंय. पोराचं मन मोडेल."

नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याकडे वळले. ते शेतकरी, मी त्यांचा दलाल, इतक्या वर्षांचा आमचा व्यवहार. म्हणाले, "खरं शे का, सुकलालशेठ?"

मुरली माझ्याकडे बघत नव्हता. त्याला माझं उत्तर ठाऊक होतं.

माझे हात मोकळे होते. रुमाल खांद्यावर होता. समोर भाव वाढवून घेण्यासारखं काही नव्हतं, जपण्यासारखं काही नव्हतं. मुरली केव्हाच गेलेला होता. खरं सांगून मला गमावण्यासारखं होतं ते फक्त एवढंच, की आखाजीला येणारा तो एक माणूसही कदाचित आला नसता.

मी म्हणालो, "खरं शे."

नाना काठी टेकत उठले. आणि पायरीवर ते वळले. या माणसाने तरी वळायला नको होतं. वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं — काहीतरी राहिलंय, सुकलाल आणखी काही बोलेल, म्हणून. मी खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. ते गेले.

त्या पोराला मी पाहिलेलं नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. ते विचारायलाही मी गेलो नाही.

आता बाजारात मी पालुपद म्हणत नाही. लोक विचारतात, शेठ, साहेबाचं काय झालं, जाब दिला का? थट्टा करतात. मी चिडत नाही, त्याचंच त्यांना नवल वाटतं. सोराबजी जिवंत असतील की नसतील. असले तर त्यांच्या मनात धुळ्याचा एक प्रामाणिक दलाल असेल, ज्याने पोटच्यासारख्या भावाची खोट लपवली नाही. इच्छाराम नाना आपल्या नातवाला वकील हो म्हणून सांगत असतील. मुरली बोदवडला फळ्यावर गणित मांडत असेल.

जाब तर कुणीतरी द्यायला हवा. इतकी वर्षं मूठ आपटून मागितलाय तो मी. तर आता मागतो, आणि या वेळी ज्याच्याकडे मागायचा त्याच्याकडेच मागतो. सुकलाल, रुमाल बाजूला ठेव. दोन्ही हात वर घे, बोटं सगळ्यांना दिसू देत. आणि एका वाक्यात सांग — तुझ्या भावाला फेफरं कधी आलं होतं?

कधीच आलं नव्हतं.